न्यूट्रॉनची छाया आणि तिचें माप

सन १८९८ च्या जानेवारी महिन्याच्या २२ तारखेस सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर गांवाजवळ दुर्बिणी, छायालेखनाचीं यंत्रें आणि तंबू यांची दाटी झाली होती. पुण्याच्या वेधशाळेचे प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला तेथें आपल्या सहायकांसह तळ देऊन होते. अमेरिकेंतील लिक वेधशाळेची मंडळीही समुद्र ओलांडून त्याच गांवीं उतरली होती. हा सारा खटाटोप सुमारें दोन मिनिटांसाठीं होता. तेवढा वेळ चंद्राची गडद छाया त्या माळावरून सरकत जावयाची होती, आणि ठरल्या वेळीं ती गेली. पुढें सन २०१० च्या जानेवारीच्या १५ तारखेस दक्षिण भारतांत असेंच मध्यान्हीच्या सुमारास सूर्यग्रहण लागलें. चंद्रबिंब सूर्यबिंबाच्या अगदीं मधोमध आलें. परंतु रामेश्वराकडे मुद्दाम गेलेल्या लोकांस अंधार कांहीं दिसला नाहीं. त्यांना दिसलें तें काळ्या चंद्राभोंवतीं झळकणारें सूर्याचें कंकण.

दोन्ही वेळीं सूर्य तोच, चंद्र तोच, आणि आड येण्याची रीतही तीच. मग एकदां अंधार पडला व एकदां पडला नाहीं, हें कसें? याचें उत्तर असें कीं, सूर्य हा बिंदु नव्हे. तें एक मोठें बिंब आहे. म्हणून त्याच्या उजेडांत पडणारी छाया एकजिनसी नसते. मधोमध गडद छाया असते, तिला ज्योतिषांत प्रच्छाया म्हणतात. तिच्या कडेनें विरळ छायेची झालर असते, ती उपच्छाया. वस्तूपासून जसजसें दूर जावें तसतशी प्रच्छाया निमुळती होत जाते व अखेर सुईच्या अग्राप्रमाणें एका टोंकाशीं संपते. चंद्राच्या प्रच्छायेचें हें टोंक सन १८९८ मध्यें भूमीला पोहोंचलें. सन २०१० मध्यें तें वरच्या वरच संपलें. ढोबळ मानानें सांगावयाचें तर सूर्याचें आपणांपासूनचें अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारें १०७ पट आहे. चंद्राचें अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारें १०३ पटींपासून ११७ पटींपर्यंत कमीजास्त होत असतें. चंद्राचा आंकडा सूर्याच्या आंकड्याहून लहान असला म्हणजे खग्रास ग्रहण. मोठा असला म्हणजे कंकणाकृति. सारा निवाडा या दोन गुणोत्तरांच्या तुलनेंत आहे.

तथापि आम्हांस येथें ग्रहणाचा इतिहास सांगावयाचा नाहीं. न्यूट्रॉन नांवाच्या अदृश्य कणांच्या साहाय्यानें वस्तूंच्या अंतरंगाचीं चित्रें काढण्याची जी विद्या गेल्या शतकांत उदयास आली, तिच्यांतील एका लहानशा परंतु महत्त्वाच्या प्रश्नाचा इतिहास आम्ही सांगणार आहों. तो प्रश्न असा: या कणांची जी शलाका आपण वस्तूवर सोडतों ती कितपत सरळ आहे, हें ओळखावें कसें? हा प्रश्न अखेर ज्या युक्तीनें सुटला ती ग्रहणाचीच युक्ति होय. म्हणून आरंभीं वाचकांस जेऊरच्या माळावर नेणें आम्हांस सोयीचें वाटलें.

न्यूट्रॉनचा शोध इंग्लंडांत जेम्स चॅडविक यांनीं सन १९३२ मध्यें लाविला. या कणावर विद्युद्भार नसतो, त्यामुळें तो धातूंच्या जाड भिंतींतूनही सहज पार जातो. क्ष-किरण आणि न्यूट्रॉन यांच्या स्वभावांत मोठा भेद आहे. क्ष-किरणांस शिसें अडवितें, आणि मेण, रबर, पाणी, कापूस यांची ते फारशी दाद घेत नाहींत. मंद गतीच्या न्यूट्रॉनचें जवळजवळ याच्या उलट आहे. शिशाच्या पेटींतून तो आरपार जातो. परंतु तिच्या आंत सुताची एक दोरी असली तर तिच्यांतील हायड्रोजनाच्या अणूंशीं ठेंचाळून तो इतस्ततः विखुरतो. अर्थात् जेथें क्ष-किरणांची दृष्टि कुंठित होते, तेथें या कणाची दृष्टि उघडते. लोखंडी नळकांडींतील दारू पुरती भरली आहे कीं मध्यें पोकळी राहिली आहे, बंद यंत्रांतील रबराची कडी जागेवर बसली आहे कीं सरकली आहे, असल्या प्रश्नांचीं उत्तरें हा कण देऊं शकतो.

ही गोष्ट प्रथम ओळखून तिचा पाठपुरावा करणारे गृहस्थ म्हणजे बर्लिनचे हार्टमुट कालमान. ते फ्रिट्झ हाबर यांच्या प्रख्यात संस्थेंत काम करीत असत. परंतु सन १९३३ मध्यें जर्मनींत जी राजवट आली तिनें ते ज्यू वंशाचे म्हणून त्यांस पदावरून दूर केलें. ज्याचें अन्न आणि मान एका हुकुमानें हिरावला गेला, त्या मनुष्यानें पुढें काय केलें हें पाहण्यासारखें आहे. खासगी उद्योगधंद्यांच्या आश्रयानें त्यांनीं आपलें काम चालूं ठेविलें, आणि सन १९३५ च्या सुमारास एर्न्स्ट कून यांच्या सहकार्यानें एका लहानशा वेगवर्धक यंत्रापासून मिळणाऱ्या न्यूट्रॉनच्या साहाय्यानें चित्रें काढण्यास आरंभ केला. छायालेखनाची कांच किंवा फिल्म न्यूट्रॉनला स्वतः ओळखत नाहीं. म्हणून न्यूट्रॉन पडतांच दुसरे किरण सोडणारा एखादा पदार्थ तिला लावून ठेवावा लागतो. या कामीं कोणकोणते पदार्थ उपयोगी पडतील याचा विचार त्या दोघांनीं इतका सांगोपांग केला कीं, त्यांच्या युक्त्यांचीं पेटंटें अमेरिकेंतही नोंदलीं गेलीं. मात्र त्यांच्याजवळचा न्यूट्रॉनांचा झरा फारच बारीक होता. सन १९४४ मध्यें ओ. पेटर या दुसऱ्या जर्मन संशोधकानें याहून पुष्कळ प्रबळ यंत्र वापरलें, तेव्हां तासांचें काम मिनिटांवर आलें. महायुद्धाच्या धामधुमींत या गोष्टी बाहेरच्या जगाला कळल्या नाहींत. पेटरचा निबंध सन १९४६ मध्यें व कालमान यांचा सन १९४८ मध्यें प्रसिद्ध झाला. कालमान युद्धांतून वांचले. सन १९४७ मध्यें नॅप्थालीनवर, म्हणजे आपण कपड्यांच्या पेटींत डांबराच्या गोळ्या म्हणून टाकतों त्याच पदार्थावर, किरण पडले असतां उठणाऱ्या सूक्ष्म प्रकाशाचा उपयोग किरण मोजण्याकडे होतो हें त्यांनीं दाखविलें, आणि पुढें ते अमेरिकेंत जाऊन राहिले.

यानंतर अणुभट्टीचें युग आलें. सन १९५६ मध्यें इंग्लंडांतील हार्वेल येथें थ्यूलिस व डर्बिशायर यांनीं बेपो या अणुभट्टींतून निघणाऱ्या शलाकेनें काढलेलीं चित्रें प्रसिद्ध केलीं, आणि हीं बर्लिनच्या चित्रांहून कितीतरी स्पष्ट होतीं. जो झरा होता त्याची आतां नदी झाली होती. परंतु नदी आली तशी एक नवी अडचणही आली. आणि आमच्या विषयाचा गाभा येथूनच सुरू होतो.

क्ष-किरणांच्या नळींत किरण एका अत्यंत लहान जागेपासून निघतात, म्हणून त्यांनीं पडणारी छाया रेखीव असते. अणुभट्टीच्या पोटांत मात्र न्यूट्रॉन एका ठिकाणीं जन्मत नाहींत. ते सर्व बाजूंनीं, सर्व दिशांनीं सैरावैरा धांवत असतात. बरें, प्रकाशाला जसें भिंग लावून एकत्र आणतां येतें तसें यांना सहजासहजीं आणतां येत नाहीं. राहतां राहिला एकच उपाय, आणि तो आपल्या घरांतला आहे. दुपारीं कौलांच्या फटींतून जमिनीवर जो कवडसा पडतो त्याकडे पाहावें. बाहेर उन्हाचा समुद्र असतो. फट त्यांतली एक बारीक धार तेवढी आंत सोडते. अणुभट्टीच्या भिंतींतही असेंच करतात. कॅडमियम, बोरॉन यांसारख्या न्यूट्रॉन गिळून टाकणाऱ्या पदार्थांचें एक छिद्र, आणि त्याच्यापुढें तशाच पदार्थांचें अस्तर दिलेली लांब नळी. या रचनेस कॉलिमेटर म्हणतात. सन १९६७ मध्यें बार्टन यांनीं छिद्रापासून पुढें क्रमाक्रमानें रुंदावत जाणाऱ्या कॉलिमेटरचा पुरस्कार केला. लहान छिद्र ठेवूनही मोठ्या वस्तूचें चित्र काढण्याची सोय त्यामुळें झाली.

छिद्राचा व्यास व छिद्रापासून फिल्मपर्यंतची लांबी यांचें गुणोत्तर म्हणजे या विद्येचें कुलदैवतच म्हणावयाचें. आम्ही त्यास पुढें लांबी-व्यास गुणोत्तर असें म्हणूं. सूर्याच्या बाबतींत वर जो १०७ हा आंकडा दिला तो हेंच गुणोत्तर होय. हें गुणोत्तर १०० असेल, आणि वस्तूंतील एखादी चीर फिल्मपासून २ सेंटिमीटर दूर असेल, तर तिच्या कडा ०.२ मिलिमीटर इतक्या पसरट दिसतील. गुणोत्तर ५० असेल तर ०.४ मिलिमीटर. तेव्हां गुणोत्तर जितकें मोठें तितकें चित्र रेखीव. मग तें हवें तितकें मोठें कां करूं नये? कारण त्याची किंमत न्यूट्रॉनांनीं मोजावी लागते. छिद्राजवळ न्यूट्रॉनांची जी दाटी असते ती फिल्मपाशीं या गुणोत्तराच्या वर्गाच्या १६ पटींनीं कमी होते. गुणोत्तर १०० असल्यास छिद्राजवळच्या दाटीचा केवळ १,६०,००० वा हिस्सा फिल्मपाशीं उरतो. गुणोत्तर दुप्पट केलें कीं ६,४०,००० वा. म्हणजे ज्या चित्रास ५ मिनिटें लागत त्यास २० मिनिटें लागणार. रेखीवपणा आणि विपुलता या दोन सवती आहेत. एकीचें मन राखावें तर दुसरी रुसते.

आतां वाचक म्हणतील, व्यास माहीत आहे, लांबी माहीत आहे; भागाकार केला कीं गुणोत्तर आलें; मग त्यांत मोजण्यासारखें काय राहिलें? आरंभींच्या काळांत पुष्कळांची समजूत अशीच होती. नकाशावरून भागाकार करावा, आंकडा कागदावर लिहावा, आणि गिऱ्हाइकास तोच सांगावा, असा क्रम असे. परंतु नकाशा ही गोष्ट वेगळी आणि शलाका ही गोष्ट वेगळी. छिद्राच्या कडेचें कॅडमियम मंद न्यूट्रॉनांस अडवितें. त्यांहून वेगवान न्यूट्रॉन त्यांतून निसटून जातात, आणि त्यांच्यापुरतें छिद्र नकाशांतल्याहून मोठें होऊन बसतें. कांहीं कण नळीच्या भिंतींवर आपटून वेड्यावांकड्या दिशेनें फिल्मकडे येतात. भट्टीच्या पोटांतील रचना बदलली कीं छिद्रावर पडणारा न्यूट्रॉनांचा लोंढाही सर्वत्र सारखा राहत नाहीं. या सर्वांचा परिणाम असा कीं, नकाशा ज्या शलाकेला १०० गुणांची म्हणतो ती प्रत्यक्षांत त्याहून पुष्कळ कमी गुणांची असूं शकते, आणि भागाकार करणाऱ्या मनुष्याला त्याची कल्पनाही नसते. तो खोटें बोलत नसतो. परंतु त्यानें ज्या साक्षीदारास विचारावयास हवें होतें त्यास विचारलेलें नसतें.

तो साक्षीदार म्हणजे छाया. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत एरोटेस्ट या संस्थेंत न्यूअचेक व अंडरहिल या दोघांनीं सन १९७७ मध्यें एक पद्धति मांडली. तिची रचना इतकी साधी आहे कीं प्रथम वाचणाऱ्यास हंसूं यावें. अॅल्युमिनियमच्या एका तिरप्या चौकटींत कॅडमियमच्या बारीक तारा बसवावयाच्या. प्रत्येकीचा व्यास ०.६४ मिलिमीटर. पहिली तार फिल्मच्या अगदीं जवळ, दुसरी थोडी दूर, तिसरी त्याहून दूर, अशी ही ओळ चढत जाते. नंतर शलाका सोडून चित्र काढावयाचें व तारांच्या छाया क्रमानें पाहत जावयाचें. जवळच्या तारांच्या छायेंत मधोमध प्रच्छायेची स्पष्ट रेघ दिसते. पुढच्या तारांत ती अरुंद होत जाते, आणि एका तारेशीं ती नाहींशी होते. तेथून पुढें केवळ उपच्छायेचा धूसर पट्टा उरतो. ज्या तारेशीं प्रच्छाया संपली तिचें फिल्मपासूनचें अंतर घ्यावें, त्यास तारेच्या व्यासानें भागावें, कीं शलाकेचें खरें गुणोत्तर हातीं आलें. प्रच्छाया ६४ मिलिमीटरांवर संपली तर गुणोत्तर १००. ३२ मिलिमीटरांवरच संपली तर ५०, मग नकाशा कांहींही म्हणो. भट्टी उघडावयास नको, छिद्रापर्यंत हात पोहोंचवावयास नको. या पद्धतीस 'नो अंब्रा', म्हणजे 'प्रच्छाया नाहीं', या अर्थाच्या नांवानें ओळखतात. त्या नांवाच्या आद्याक्षरांशीं या दोघांच्या आडनांवांचीं आद्याक्षरेंही जुळतात, हा एक गमतीचा योग आहे. डोळ्यांवर भरंवसा न ठेवणाऱ्यासाठीं छायेचा गडदपणा यंत्रानें मोजून आलेख काढण्याची सोयही पुढें करण्यांत आली, आणि १९८० च्या दशकांत अमेरिकेंतील प्रमाणें ठरविणाऱ्या संस्थेनें ही पद्धति आपल्या प्रमाणग्रंथांत घेतली.

सुज्ञ वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, येथें तार हा चंद्र आहे, छिद्र हा सूर्य आहे, आणि फिल्म ही पृथ्वी आहे. जवळची तार म्हणजे जेऊरचें खग्रास ग्रहण. दूरची तार म्हणजे रामेश्वरचें कंकण. आणि या दोहोंच्या सीमेवरील तार कोणती, एवढाच प्रश्न ही पद्धति विचारते. छायेचें हें गणित आपल्याकडे अपरिचित नव्हतें. आर्यभटानें गोलपादांत पृथ्वीच्या छायेची लांबी काढण्याची रीत दिली आहे: सूर्याच्या अंतरास पृथ्वीच्या व्यासानें गुणावें, व सूर्य आणि पृथ्वी यांच्या व्यासांच्या वजाबाकीनें भागावें. भास्कराचार्यांच्या लीलावतींत छायाव्यवहार या नांवाचें प्रकरणच आहे. यावरून आमच्या पूर्वजांस न्यूट्रॉन ठाऊक होता असा अर्थ कोणी काढील तर तें हास्यास्पद होईल. आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे कीं, समरूप त्रिकोणांचें सत्य हें सूर्याचें नव्हे, दिव्याचें नव्हे आणि न्यूट्रॉनचेंही नव्हे. तें सर्वांचें आहे, आणि ज्यास तें नीट समजलें त्यास नव्या काळांतही त्याचा उपयोग सुचतो.

हा सारा काथ्याकूट केवळ पंडितांसाठीं आहे असें मात्र कोणीं समजूं नये. आपल्या देशांत सन १९५६ च्या ऑगस्टच्या ४ तारखेस, म्हणजे हार्वेलचीं चित्रें प्रसिद्ध झालीं त्याच वर्षीं, मुंबईंत ट्रॉम्बे येथें अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, आणि न्यूट्रॉन-चित्रांच्या विद्येचे धडे आपल्याकडील संशोधकांनीं तेथें गिरविले. अप्सरा सन २००९ मध्यें थांबविण्यांत आली. नव्या रूपांत ती सन २०१८ च्या सप्टेंबरांत पुन्हा सुरू झाली. तामिळ प्रांतांत कल्पाक्कम येथें सन १९९६ मध्यें कामिनी नांवाची ३० किलोवॅटची छोटी भट्टी चालूं झाली. भट्टींत जळून आलेल्या इंधनाच्या कांड्या आणि अवकाशयानांतील स्फोटक कळा यांचीं चित्रें तेथें काढतात. या कळांचें महत्त्व सांगितलें पाहिजे. यान वर जात असतांना त्याचे भाग ठरल्या क्षणीं सुटे व्हावेत म्हणून धातूच्या नळकांडींत दारू भरून ठेवलेली असते. ती एकदांच पेटते. आधीं पेटवून पाहण्याची सोय नाहीं, कारण पेटविली कीं ती संपली. तेव्हां ती न उघडतां व न पेटवितां आंत डोकावून पाहणें एवढाच मार्ग उरतो. चित्र पाहणारा मनुष्य म्हणतो, "आंत खंड नाहीं." त्याच्या या दोन-तीन शब्दांवर कित्येकांचें वर्षानुवर्षांचें काम, आणि माणसें नेणाऱ्या यानांत तर माणसांचे प्राणही, अवलंबून असतात. खंड खरोखर नाहीं, कीं शलाका धूसर असल्यामुळें तो दिसला नाहीं, या दोहोंतला भेद चित्र पाहून कळत नाहीं. तो कळतो ओळीनें लावलेल्या त्या तारांच्या छायेवरून.

आज फिल्मची जागा बहुतेक ठिकाणीं चमकणाऱ्या पडद्यांनीं आणि कॅमेऱ्यांनीं घेतली आहे. वस्तु फिरवून तिचीं शेंकडों चित्रें घेतात व गणक यंत्राकडून तिची घनाकृति उभी करवितात. गुणोत्तर मोजण्याची रीतही थोडी पालटली आहे: न्यूट्रॉन गिळणाऱ्या पत्र्याची सरळ धार पडद्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर धरतात, प्रत्येक वेळीं ती किती पुसट झाली हें मोजतात, आणि पुसटपणा अंतराबरोबर ज्या वेगानें वाढतो त्यावरून गुणोत्तर काढतात. साधनें बदललीं, साक्षीदार बदलला नाहीं. अजूनही विचारावयाचें तें छायेलाच.

आम्हांस या इतिहासांत विशेष वाटतो तो हाच भाग. चित्रें काढण्याची कला सन १९३५ च्या सुमारास साधली. आपल्या चित्रावर कितपत विश्वास ठेवावा हें सांगण्याची सर्वमान्य रीत सांपडण्यास पुढें चाळीसांहून अधिक वर्षें लागलीं. पहिल्या गोष्टीचें कौतुक जगानें केलें, आणि तें योग्यच आहे. दुसरीचें कौतुक कोणीं फारसें केलें नाहीं. कारण आपल्याच कामाची उलटतपासणी करणारा मनुष्य कोठेंही लोकप्रिय होत नाहीं. परंतु जो वाणी आपला तराजू गिऱ्हाइकासमोर रिकामा धरून दाखवितो, त्याच्याच दुकानीं पिढ्यान्पिढ्या लोक जातात. कॅडमियमच्या त्या तारा म्हणजे रिकामा धरलेला तराजूच होय. त्यांत चित्र कसलेंच नसतें. असते ती केवळ छाया, आणि ती कोठें संपते एवढें पाहावयाचें असतें.